चोवीस तास आधी, डॉक्टरच्याच तोंडून

पेनसिल्व्हेनिया राज्याच्या फौजदारी संहितेत कलम ३२०५ आहे. फौजदारी म्हटलं की चोरी, मारामारी, अफरातफर डोळ्यांपुढे येते. हे कलम मात्र दवाखान्यातल्या एका बोलण्याबद्दल आहे. गर्भपातासाठी आलेल्या बाईला काय सांगायचं, किती वेळ आधी सांगायचं, त्यातलं डॉक्टरने स्वतः काय सांगायचं आणि मदतनिसावर काय सोपवलं तरी चालेल, हे सगळं त्यात ओळीने लिहिलेलं आहे.

मजकूर साधारण असा. गर्भपाताच्या किमान २४ तास आधी डॉक्टरने बाईला तोंडी सांगायचं: ही प्रक्रिया नेमकी काय, तिच्यात धोके कोणते, तिला पर्याय काय, गर्भ अंदाजे किती आठवड्यांचा आहे, आणि दिवस पूर्ण भरू दिले तर त्यात कोणते वैद्यकीय धोके आहेत. इथपर्यंत कुठल्याही बऱ्या डॉक्टरला नवल वाटू नये. दुसरा भाग मात्र वेगळ्या जातीचा आहे. राज्याच्या आरोग्य खात्याने एक पुस्तिका छापली आहे, तिच्यात गर्भाचं वर्णन आहे, गर्भपाताऐवजी दुसरा मार्ग दाखवणाऱ्या संस्थांची यादी आहे, ती तुम्हाला फुकट पाहता येईल. गरोदरपण, बाळंतपण आणि नवजात बाळाची देखभाल यांच्या खर्चाला सरकारी मदत मिळू शकते. आणि मुलाचा बाप खर्च द्यायला कायद्याने बांधील आहे, त्याने गर्भपाताचे पैसे देऊ केले असले तरीही. बलात्काराच्या प्रकरणात हे शेवटचं वाक्य गाळायची मुभा आहे. हे सगळं सांगितलं गेलं, अशी लेखी सही बाईने द्यायची. या नियमाविना गर्भपात केला तर डॉक्टरचा परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो, शिवाय पहिल्या वेळी तो किरकोळ गुन्हा, आणि पुन्हा तसं घडलं तर त्याहून गंभीर फौजदारी गुन्हा.

या कलमावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून १९९२ रोजी निकाल दिला. तो 'केसी' या नावाने ओळखला जातो. केसी म्हणजे तेव्हाचे गव्हर्नर रॉबर्ट केसी. 'प्लॅन्ड पेरेंटहुड' या संस्थेने राज्यावर खटला भरला आणि प्रतिवादी म्हणून त्यांचं नाव लागलं. गर्भपाताचा घटनात्मक हक्क मान्य करणारा आधीचा निकाल, 'रो विरुद्ध वेड', वाचला की बुडाला, याच अंगाने या निकालाची चर्चा होत आली. मला त्यातल्या संमतीच्या कलमात जास्त रस आहे. २०२२ मध्ये 'रो' गेला, 'केसी'ही गेला, आणि हे कलम पेनसिल्व्हेनियात अजून लागू आहे.

आधी हा पेशंटचा हक्क होता

माहिती देऊन घेतलेली संमती ही कल्पना डॉक्टरांच्या मनमानीतून पेशंटला सोडवण्यासाठी जन्माला आली. १९१४ मध्ये न्यूयॉर्कचे न्यायाधीश कार्डोझो यांनी लिहिलं की सज्ञान आणि सुदृढ मनाच्या प्रत्येक माणसाला आपल्या शरीराचं काय व्हावं हे ठरवायचा हक्क आहे. पुढे १९५७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका निकालात नुसती संमती पुरेशी नाही, माहिती देऊन घेतलेली संमती हवी, ही शब्दयोजना आली. १९७२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने मापदंड ठरवला: डॉक्टरांच्या बिरादरीत काय सांगायची रीत आहे ते बाजूला ठेवा, साधारण समजदार पेशंटला निर्णय घेताना काय महत्त्वाचं वाटेल ते बघा.

या साऱ्या प्रवासात खोलीत दोनच माणसं आहेत, पेशंट आणि डॉक्टर. सरकार आहे ते दाराबाहेर, भांडण झालं तर न्याय करायला.

गर्भपाताच्या बाबतीत सरकार खोलीत यायला लागलं ते 'रो'च्या १९७३ च्या निकालानंतर. बंदी घालता येत नाही म्हटल्यावर राज्यांनी नियम करायला घेतले. मिसुरीने लेखी संमती सक्तीची केली. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली, पण एक तळटीप जोडली. संमतीसाठी माहिती म्हणजे काय केलं जाणार आणि त्याचे परिणाम काय, एवढंच. त्याहून जास्त अर्थ काढला तर डॉक्टरचे हात बांधल्यासारखं होईल. मग ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहराने स्थानिक कायदा केला की 'गर्भधारणेच्या क्षणापासून पोटातलं मूल हा मानवी जीव आहे' असं डॉक्टरने सांगितलंच पाहिजे, शिवाय २४ तास थांबलंच पाहिजे. १९८३ मध्ये न्यायालयाने दोन्ही उडवलं. डॉक्टरने सांगायची धोक्यांची एक यादीही त्यात होती; ती म्हणजे भीतिदायक गोष्टींची वरात आहे, अशा अर्थाचा शेरा न्यायमूर्ती पॉवेल यांनी मारला.

एकच मजकूर, दोन निकाल

पेनसिल्व्हेनियाने १९८२ मध्ये 'गर्भपात नियंत्रण कायदा' केला. पुस्तिका, सरकारी मदतीचं वाक्य, बापाच्या जबाबदारीचं वाक्य, हे सगळं त्यात होतंच. ११ जून १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते रद्द केलं. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्लॅकमन, म्हणजे 'रो' लिहिणारेच. बाई आणि डॉक्टर यांच्या खाजगी बोलण्यात राज्य आपला संदेश पाचर मारल्यासारखा घुसवतंय, आणि अशी सक्तीची माहिती ही संमतीच्या कल्पनेच्या नेमकी उलट आहे, असं त्यांनी लिहिलं.

राज्याने काय करावं? विधिमंडळाने १९८८ आणि १९८९ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि जवळजवळ तीच माहिती पुन्हा मांडली. गव्हर्नर केसी डेमोक्रॅट होते, पण कट्टर कॅथलिक आणि गर्भपाताचे कडवे विरोधक. त्यांनी नोव्हेंबर १९८९ मध्ये सही केली. ज्या गोष्टीला तीन वर्षांपूर्वी नकार मिळाला ती पुन्हा घेऊन जाण्याला कुणी हटवाद म्हणेल, पण हिशेब पक्का होता. १९८६ च्या त्या पाच जणांपैकी पॉवेल निवृत्त झाले होते. पुढच्या दोन वर्षांत ब्रेनन आणि मार्शलही निवृत्त झाले. खटला वर पोचला तेव्हा जुन्या बहुमतातले ब्लॅकमन आणि स्टीव्हन्स एवढे दोघेच उरले होते.

पाच क्लिनिक आणि एक डॉक्टर असे फिर्यादी होते. कायदा लागू व्हायच्या आधीच ते केंद्रीय जिल्हा न्यायालयात गेले. न्यायाधीश डॅनियल ह्युएट यांनी १९९० मध्ये साक्षीपुरावे ऐकून बहुतेक वादग्रस्त कलमं रद्द केली. १९९१ मध्ये अपील न्यायालयाने उलट केलं. विवाहित बाईने गर्भपाताआधी नवऱ्याला कळवलं पाहिजे असं याच कायद्यात आणखी एक कलम होतं, ते तेवढं रद्द ठेवलं, बाकी सगळं ग्राह्य. त्या पीठावरच्या एका न्यायाधीशाला नवऱ्याचं कलमसुद्धा टिकावं असं वाटत होतं आणि त्यांनी तसं वेगळं मत नोंदवलं. त्यांचं नाव सॅम्युएल अलिटो. हे नाव पुढे पुन्हा येईल.

सर्वोच्च न्यायालयात ओ'कॉनर, केनेडी आणि सूटर या तिघांनी मिळून निकाल लिहिला. 'रो'चा गाभा ठेवला, चौकट बदलली: गर्भ पोटाबाहेर जगू शकेल त्या अवस्थेच्या आधी, बाईच्या वाटेत मोठा अडथळा उभा करण्याच्या हेतूने किंवा तसा परिणाम घडवणारा नियम 'अवाजवी ओझं' ठरेल आणि रद्द होईल. या नव्या मापाने नवऱ्याला कळवण्याची अट ५ विरुद्ध ४ ने गेली. संमतीचं कलम मात्र टिकलं, आणि त्याच्या बाजूने सात मतं पडली. १९८३ आणि १९८६ चे निकाल या मुद्द्यापुरते मागे घेतले गेले.

किडनी आणि अपेंडिक्स

तिघांचा युक्तिवाद थोडक्यात असा. माहिती खरी असेल आणि दिशाभूल करणारी नसेल, तर ती देणं सक्तीचं करता येईल. मग त्यातून राज्याला बाळंतपण पसंत आहे हे दिसलं तरी हरकत नाही. माहिती बाईच्या स्वतःच्या तब्येतीबद्दलच असली पाहिजे असंही नाही. त्यासाठी त्यांनी उदाहरण घेतलं किडनीच्या प्रत्यारोपणाचं: किडनी घेणाऱ्याला तिच्या दात्याला असलेले धोकेसुद्धा सांगा असा नियम राज्याने केला तर तो घटनाबाह्य ठरेल का? त्यांच्या मते नाही.

योगायोग असा की वर्षभरातच, जून १९९३ मध्ये, गव्हर्नर केसींवर पिट्सबर्गमध्ये हृदय आणि यकृत यांचं एकत्र प्रत्यारोपण झालं. निकालाशी त्याचा काही संबंध नाही, पण प्रकरण वाचताना ही गोष्ट मनातून जात नाही.

किडनीचं उदाहरण चतुर आहे, आणि माझ्या मते ते पूर्ण बसत नाही. किडनीचा दाता माणूस आहे यावर कुणाचं दुमत नाही. गर्भाला कुठल्या टप्प्यावर काय म्हणायचं, यावरच तर सगळं भांडण आहे. उदाहरणातच उत्तर गृहीत धरलेलं आहे. ब्लॅकमन यांनी उलट उदाहरण दिलं. अपेंडिक्स काढण्याची संमती घेताना डॉक्टर त्या शस्त्रक्रियेची चित्रं आधी दाखवत नाही. मग दर दोन आठवड्यांच्या गर्भाचं वर्णन आणि चित्रं इथेच का? पण अपेंडिक्सची तुलनाही लंगडीच. गर्भपाताचा निर्णय अपेंडिक्ससारखा आहे असं तो निर्णय घेणाऱ्या बायकासुद्धा सहसा म्हणत नाहीत.

मला दोघांपेक्षा स्टीव्हन्स यांची मांडणी पटते. त्यांनी कलमाचे दोन भाग वेगळे केले. प्रक्रिया, धोके, पर्याय सांगा ही अट त्यांना मान्य होती, कारण ती तटस्थ आहे. राज्याने आपली पसंती जाहीर करावी, प्रचार करावा, बाळंतपणाला पैसा द्यावा, यालाही त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती वेळेला आणि जागेला: बाई निर्णय घेत असतानाच्या अगदी खाजगी विचारात राज्याने आपलं मत घालायचं नाही.

ही सूक्ष्म रेघ आहे, आणि कलमातल्या वाक्यांवर ती ओढून बघता येते. 'बाळंतपणाला सरकारी मदत मिळू शकते' हे वाक्य खरं आहे. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने गर्भपाताला सरकारी पैसा बहुतांशी बंद केला आहे, हेही खरं. पहिलं खरं सांगणं सक्तीचं आहे, दुसऱ्याबद्दल कलम गप्प आहे. दिशाभूल एकाही वाक्यात नाही. यादी कुणी केली, हा प्रश्न 'खरं की खोटं' या चाळणीतून सरळ खाली पडतो.

डॉक्टरांच्या भाषणस्वातंत्र्याचा मुद्दाही निघाला होता. तिघांनी तो दोनतीन वाक्यांत संपवला: डॉक्टरचं बोलणं हा त्याच्या व्यवसायाचा भाग आहे आणि व्यवसायावर राज्य वाजवी नियम घालू शकतं. या दोनतीन वाक्यांचे अर्थ लावण्यात खालच्या न्यायालयांची पुढची पंचवीस वर्षं गेली.

घड्याळ

शब्दांवर इतकं भांडण झालं. प्रत्यक्ष त्रास मात्र घड्याळाचा होता, आणि ते ह्युएट यांच्या न्यायालयात पुराव्याने समोर आलं होतं. पेनसिल्व्हेनिया लांबरुंद राज्य आहे. क्लिनिक बहुतांश मोठ्या शहरांत. चोवीस तासांची अट म्हणजे लांबून येणाऱ्या बाईला दोन खेपा. क्लिनिक रोज गर्भपात करत नाही, त्यामुळे चोवीस तासांचे बघता बघता कितीतरी दिवस होतात. दोनदा रजा, दोनदा गाडीखर्च, घरच्या मुलांची दोनदा सोय, आणि फाटकावर घोषणा देणाऱ्यांमधून दोनदा वाट काढणं. ज्यांच्याकडे पैसा कमी आणि ज्यांना नवऱ्याला किंवा मालकाला कुठे होतो याचा हिशेब द्यावा लागतो, त्यांना हे सर्वांत जड जाणार, असं न्यायाधीशांनी नोंदवलं.

तिघांनी या नोंदी नाकारल्या नाहीत. काही बाबतीत त्या चिंता वाटायला लावणाऱ्या आहेत, प्रश्न काठावरचा आहे, हे त्यांनी मान्य केलं. पण काही बायकांना जास्त जड जातं एवढ्यावरून तो 'मोठा अडथळा' ठरत नाही, त्या बायकांपुरताही नाही; निदान समोर असलेल्या पुराव्यावरून नाही. आता हाच निकाल नवऱ्याच्या कलमावर काय म्हणतो ते बघा. तिथे राज्याचं म्हणणं होतं की बहुसंख्य बायका नवऱ्याला आपणहून सांगतातच, अडचण थोड्यांचीच. त्यावर न्यायालय म्हणालं, ज्यांना नियम आड येत नाही त्यांचं सोडा, ज्यांना येतो त्यांच्याकडे पाहून ठरवा. म्हणजे मारणाऱ्या नवऱ्याच्या भीतीला एक माप आणि दोनशे मैलांच्या प्रवासाला दुसरं. हिंसा आणि गैरसोय एका तागडीत घालू नयेत हे मला समजतं. तरी गरिबीला 'गैरसोय' म्हणून पुढे जाणं इतकं सहज झालं, हे खटकतं.

पुढे काय झालं ते या प्रकरणातलं सर्वांत बोधप्रद आहे. कलम १९९४ मध्ये प्रत्यक्ष लागू झालं. त्यात 'तोंडी सांगा' असं आहे. 'समोरासमोर सांगा' असं नाही. त्यामुळे पेनसिल्व्हेनियात ही माहिती फोनवर देण्याची पद्धत पडली. बाई फोन करते, डॉक्टर किंवा समुपदेशक ठरलेला मजकूर सांगतो, तारीख आणि वेळ लिहून ठेवली जाते, चोवीस तासांनंतरची भेट ठरते. दुसरी खेप वाचली. ज्या दोन खेपांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं, त्या फोनने बऱ्याच अंशी मिटवल्या.

मिसिसिपीत असं घडलं नाही. तिथला चोवीस तासांचा कायदा 'केसी'नंतर लगेच, ऑगस्ट १९९२ मध्ये लागू झाला, आणि तिथे माहिती समोरासमोरच द्यायची होती. संशोधकांनी आधीची आणि नंतरची आकडेवारी ताडून पाहिली, तेव्हा राज्यातल्या बायकांच्या गर्भपातांचं प्रमाण घटलेलं, गर्भपातासाठी दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांचं वाढलेलं, आणि बारा आठवड्यांनंतरच्या गर्भपातांचा वाटाही वाढलेला दिसला. शेवटची गोष्ट नीट पाहावी. आठवडे वाढले की धोका वाढतो. पेशंटच्या सुरक्षिततेच्या नावाने केलेल्या कायद्याने काहीजणींना जास्त धोक्याच्या टप्प्यावर नेलं. आणि पेनसिल्व्हेनिया व मिसिसिपी यांच्यातला फरक एका शब्दाचा.

साच्यातून निघालेले

'खरी आणि दिशाभूल न करणारी' हा शब्दप्रयोग हाती आल्यावर राज्यांनी त्याची दुसरी बाजू पाहिली: खरं ठरवणार कोण? टेक्ससने २००३ मध्ये 'बाईचा जाणण्याचा हक्क' अशा नावाचा कायदा केला आणि पुस्तिकेत गर्भपात व स्तनांचा कर्करोग यांचा संबंध सुचवणारा मजकूर आला. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने तज्ज्ञांची बैठक घेऊन असा संबंध नाही असा निष्कर्ष काढला होता. दक्षिण डकोटाने २००५ मध्ये डॉक्टरला सांगायला लावलं की गर्भपाताने एका 'संपूर्ण, स्वतंत्र, एकमेवाद्वितीय, जिवंत मानवी जीवा'चं आयुष्य संपतं. अ‍ॅक्रनचं १९८३ मध्ये उडवलेलं वाक्यच हे, जास्त विशेषणं लावून. यावेळी अपील न्यायालयाने ते चालू दिलं.

मग सोनोग्राफी आली. टेक्सस आणि नॉर्थ कॅरोलायना, दोघांनी २०११ मध्ये कायदे केले की डॉक्टरने सोनोग्राफी करून पडद्यावरचं चित्र बाईला दाखवावं आणि त्याचं वर्णन करावं. टेक्ससचा कायदा तिथल्या अपील न्यायालयाने २०१२ मध्ये 'केसी'चा आधार घेऊन ठेवला. नॉर्थ कॅरोलायनाचा २०१४ मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने 'केसी' वाचूनच रद्द केला. बाईने डोळे मिटून कान झाकले तरी डॉक्टरने बोलत राहायचं, याला संमती कसं म्हणायचं, असा त्यांचा सूर होता.

२०१८ मध्ये गंमत झाली. कॅलिफोर्नियाने गर्भपातविरोधी केंद्रांना पाटी लावायला सांगितलं होतं की राज्यात स्वस्तात किंवा फुकट गर्भपाताची सोय आहे. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही सक्तीची वाणी आहे, चालणार नाही. न्यायमूर्ती ब्रेयर यांनी भिन्नमतात विचारलं: डॉक्टरला दत्तक देण्याविषयी सांगायला लावता येतं, मग केंद्राला गर्भपाताविषयी सांगायला का नाही? बहुमताने फरक दाखवला की 'केसी'त ते वैद्यकीय प्रक्रियेच्या संमतीचा भाग होतं. ब्रेयर यांचा प्रश्न माझ्या मते अजून उभा आहे.

आपल्याकडची पाटी

हे वाचताना मराठी माणसाला आपल्या सोनोग्राफी केंद्रातली पाटी आठवल्याशिवाय राहणार नाही: 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.' पेनसिल्व्हेनियाने कायदा दुरुस्त केला त्याच १९८८ साली महाराष्ट्राने प्रसवपूर्व तपासणी तंत्रावर नियंत्रण आणणारा कायदा केला, देशात सर्वांत आधी. केंद्राचा कायदा १९९४ चा. तिकडे राज्य डॉक्टरला म्हणतं, पडद्यावर दिसतं ते सांग; इकडे म्हणतं, दिसलं तरी सांगू नकोस. आणि आपण, मीसुद्धा, या दुसऱ्या बंदीच्या बाजूने ठाम उभे असतो. माहिती खरी असूनही ती दडवण्याचं समर्थन करतो, कारण त्या माहितीचं पुढे काय होतं हे आपण पाहिलंय. तेव्हा खोलीत सरकार नकोच, असं तत्त्व मला सरसकट मांडता येत नाही. स्टीव्हन्स यांच्या रेघेपाशी मी थांबतो ते याच अडचणीमुळे.

संमतीच्या बाबतीत भारताचा १९७१ चा कायदा कागदावर साधा आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरे, तिचा 'सी' नमुन्याचा फॉर्म, नवऱ्याची सही कुठेच नाही, थांबायची मुदत नाही. तरी 'मिस्टर आलेत का बरोबर?' हा प्रश्न किती दवाखान्यांत ऐकू येतो ते वाचकांना वेगळं सांगायला नको. अमेरिकेत नवऱ्याला कळवण्याची अट कायद्यात घातली म्हणून ती न्यायालयात जाऊन पाडता तरी आली. रीतीला आव्हान कुठे द्यायचं?

२११ वेळा

पेनसिल्व्हेनियात परत जाऊ. फिलाडेल्फियातल्या कर्मिट गॉस्नेल या डॉक्टरच्या दवाखान्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये छापा पडला, तो बेकायदा औषधचिठ्ठ्यांच्या संशयावरून. आत जे सापडलं ते भयानक होतं. २०११ मध्ये ग्रँड ज्युरीचा, म्हणजे आरोप ठेवायचे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचा, अहवाल आला, २०१३ मध्ये तो खुनांसाठी दोषी ठरला आणि जन्मठेपेवर गेला. त्या निकालाच्या शेपटीत एक कमी वाचलेली ओळ आहे: चोवीस तासांचा संमतीचा नियम मोडल्याचे २११ गुन्हेही सिद्ध झाले.

अहवालातली दुसरी गोष्ट अशी की राज्याच्या आरोग्य खात्याने १९९३ पासून त्या दवाखान्याची तपासणीच केली नव्हती. राज्य गर्भपाताचं संमतीचं कलम सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवून जिंकलं होतं. डॉक्टर काय बोलतो याचा शब्दन् शब्द कायद्यात होता. तिथली टेबलं, उपकरणं, कर्मचाऱ्यांचं शिक्षण, रुग्णवाहिकेला वाट आहे की नाही, हे पाहायला सतरा वर्षं कुणी गेलं नाही. तिथल्या उपचारांत एका बाईचा जीव गेला. ती निर्वासित होती, तिला इंग्रजी येत नव्हतं. कायद्यातली पुस्तिका इंग्रजी, स्पॅनिश आणि व्हिएतनामी अशा तीन भाषांत छापायची आहे.

दोन्ही पक्षांनी गॉस्नेलचा दाखला आपापल्या बाजूने दिला. एकांनी म्हटलं, नियम आणखी कडक हवेत. दुसऱ्यांनी म्हटलं, चांगली क्लिनिक नियमांनी महाग आणि दूर केली की गरीब बाया अशाच दारात जातात. माझं मत दुसऱ्यांकडे झुकतं, पण तपासणी न करण्याचं खापर मात्र फक्त राज्यावर.

२४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'डॉब्स' या खटल्यात 'रो' आणि 'केसी' दोन्ही रद्द केले. निकाल लिहिला न्यायमूर्ती अलिटो यांनी, तेच ते, १९९१ च्या पीठावर नवऱ्याच्या कलमासाठी एकटे पडलेले. खटला मिसिसिपीचा होता. अनेक राज्यांत गर्भपातच बंद झाला. तिथे संमतीच्या पुस्तिकांना आता काम उरलं नाही. मिशिगनमध्ये उलट घडलं: मतदारांनी २०२२ मध्येच राज्यघटनेत हक्क लिहून घेतला आणि २०२४ मध्ये तिथल्या राज्य न्यायालयाने चोवीस तासांच्या नियमाला स्थगिती दिली.

पेनसिल्व्हेनियात गर्भपात चोवीस आठवड्यांपर्यंत कायदेशीर आहे. शेजारच्या ओहायो आणि पश्चिम व्हर्जिनियातून २०२२ नंतर पिट्सबर्गला येणाऱ्या बायकांची रीघ वाढली. त्यांचं राज्य कुठलंही असो, कलम ३२०५ लागू होतं ते दवाखाना जिथे आहे तिथलं. म्हणून निघण्याआधी आदल्या दिवशी फोन होतो. पलीकडचा आवाज प्रक्रिया सांगतो, आठवडे विचारतो, मग पुस्तिका, सरकारी मदत आणि बापाची जबाबदारी या तीन वाक्यांवर येतो. ती मदत पेनसिल्व्हेनियाची आहे. ऐकणारी पश्चिम व्हर्जिनियाची. वाक्यं तरी वाचावीच लागतात, आणि फोन ठेवताना घड्याळ बघून वेळ लिहावी लागते.